मॅनोमेट्रीचा अहवाल यंत्राने वाचला असेल, तर त्यावर किती भिस्त ठेवावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या आईंचे वय 61 आहे. तीन बाळंतपणे झाली, त्यांपैकी पहिल्या वेळी टाके पडले होते. गेली अनेक वर्षे त्यांचे पोट साफ होत नाही, शौचाला बसल्यावर बराच वेळ कुंथावे लागते, आणि अलीकडे योनीमार्गाची मागची बाजू बोटाने दाबून धरल्याशिवाय मोकळे वाटत नाही. एका रुग्णालयात त्यांची गुदद्वाराची मॅनोमेट्री, म्हणजे तिथल्या दाबाची मोजणी, झाली आणि अहवालाच्या शेवटच्या पानावर ‘कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने विश्लेषण: डिसिनर्जिक डेफिकेशन, प्रकार 1’ असे, म्हणजे शौचाच्या वेळी स्नायूंच्या समन्वयात दोष आहे असे, छापून आले. या निदानावर विश्वास ठेवावा का, आणि गुदद्वाराच्या व ओटीपोटाच्या तळाच्या विकारांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा खरोखर काही उपयोग आहे की ही निव्वळ जाहिरात आहे, असे आपण विचारले आहे.

उपयोग निश्चित आहे, पण तो सगळीकडे सारखा नाही. गेली बावीस वर्षे मी याच भागाच्या शस्त्रक्रिया करतो आहे. या शाखेत अहवाल वाचताना होणाऱ्या चुका मला तुलनेने थोड्या दिसल्या. बहुतेक चुका त्याआधी, तपासणी करताना, आणि त्याच्याही आधी रुग्णाची हकिगत ऐकताना झालेल्या असतात. यंत्र सध्या जे काम चांगले करते ते वाचण्याचे आहे. म्हणून आईंची तपासणी नेमकी कशी झाली असेल, तिथूनच सुरुवात करावी लागेल.

मॅनोमेट्रीत बोटापेक्षा बारीक, जागोजागी दाब मोजणारी नळी गुदद्वारातून आत सरकवतात. पडद्यावर दाब रंगांच्या रूपात दिसतो, कमी दाब निळा आणि जास्त दाब लाल. रुग्णाला आधी स्वस्थ पडून राहायला, मग आवळून धरायला, खोकायला आणि शेवटी शौचाला बसल्यासारखे कुंथायला सांगतात. कुंथताना गुदाशयातला दाब वाढला पाहिजे आणि त्याच वेळी गुदद्वार सैल पडले पाहिजे. दाब पुरेसा वाढला, पण गुदद्वार सैल पडण्याऐवजी उलट आवळले गेले, तर तो प्रकार 1. दाबही अपुरा आणि गुदद्वारही आवळलेले, तर प्रकार 2. उरलेल्या दोन प्रकारांत गुदद्वार आवळले जात नाही, पण हवे तितके सैलही पडत नाही. तिसऱ्यात जोर पुरेसा असतो, चौथ्यात तोही कमी पडतो. संगणकाच्या दृष्टीने हा रंगीत पट म्हणजे एक चित्रच असते. एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला नळीवरची जागा आणि प्रत्येक ठिपक्यात दाबाचा आकडा. तज्ज्ञांनी आधी निदान करून ठेवलेले असे पट पुरेशा संख्येने दाखवले की न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणक प्रणाली, नव्या पटाचे वर्गीकरण करू लागते, आणि ते काम ते न थकता, सकाळी आणि संध्याकाळी सारख्याच काटेकोरपणे करते.

अडचण त्या आधीच्या निदानात आहे. 2016 मध्ये ‘गट’ या पोटविकारांच्या ब्रिटिश नियतकालिकात लंडनच्या संशोधकांनी बद्धकोष्ठतेच्या 85 स्त्रिया आणि कोणतीही तक्रार नसलेल्या 85 स्त्रिया यांच्या पटांची तुलना प्रसिद्ध केली. पट वाचणाऱ्यांना कोणता पट कोणाचा हे माहीत नव्हते. निरोगी स्त्रियांपैकी 87 टक्के जणींच्या पटात कुंथतानाचा कोणता ना कोणता दोष नोंदला गेला. ज्यांचे पोट रोज व्यवस्थित साफ होते, त्यांच्यातही आमचे नियम इतक्या सर्रास आजार दाखवत असतील, तर त्याच नियमांनी शिकवलेले यंत्र तेच दाखवणार, फक्त अधिक वेगाने आणि अधिक ठामपणे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

निरोगी माणसाचा पट असा का दिसतो, हे तपासणीच्या खोलीत उभे राहिल्यावर लगेच कळते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. बाहेर झालेल्या मॅनोमेट्रीत यंत्राने प्रकार 1 असे निदान दिले होते. चाचणी कशी झाली ते मी विचारले. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, मागून उघडा गाऊन घालून त्या पडल्या होत्या. तंत्रज्ञ त्यांच्या मुलाच्या वयाचा होता. मध्येच कोणीतरी फाईल न्यायला दार उघडून आत आले आणि त्याच वेळी मागून आवाज आला, ‘आता जोर लावा.’ बाईंनी सगळे बळ एकवटून आवळून धरले. वारा सरला असता तर काय, ही धास्ती! आम्ही चाचणी पुन्हा केली. दाराला आतून कडी लावली, सिस्टर त्यांच्या डोक्याशी बसल्या आणि म्हणाल्या, ‘घरी बसता तसं कुंथा, काही बाहेर आलं तरी खाली कागद अंथरलाय.’ पहिले दोन प्रयत्न तसेच गेले. तिसऱ्या वेळी गुदद्वाराच्या जागेचा लाल पट्टा हिरवा होत निळसर झाला. यंत्राने दोन्ही पट बरोबर वाचले होते. पहिल्या पटात बाईंची लाज मोजली गेली होती, दुसऱ्यात स्नायू.

याच कारणाने 2020 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ठरवलेल्या लंडन वर्गीकरणात समन्वयाचा दोष एकट्या मॅनोमेट्रीवरून ठरवत नाहीत. फुगा बाहेर टाकण्याची चाचणीही सदोष यावी लागते. ही चाचणी इतकी साधी आहे की तिची कोणी जाहिरात करत नाही. गुदाशयात लहानसा फुगा ठेवून त्यात 50 मिलिलिटर कोमट पाणी भरतात, रुग्णाला एकांतात कमोडवर बसवतात आणि घड्याळ लावतात. साधारण एका मिनिटात फुगा बाहेर पडला, तर समन्वयाचा दोष हे मुख्य कारण असण्याची शक्यता पुष्कळच कमी होते. आईंच्या अहवालात या चाचणीचा उल्लेख आहे का, ते आपण पाहावे. तसेच त्यांची बोटाने नीट तपासणी झाली का, तेही विचारावे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनुभवी डॉक्टरने बोटाने केलेल्या तपासणीत समन्वयदोष असलेले 75 टक्के रुग्ण सापडले होते, आणि दोष नसलेल्यांपैकी 87 टक्के जणांना ती दोषमुक्तच म्हणाली होती. हातमोजा, थोडी जेली आणि पाच मिनिटे एवढाच तिचा खर्च.

आणखी एक तांत्रिक मुद्दा. आपल्याकडे अनेक ठिकाणी अजून पाणी सोडून दाब मोजणारी नळी वापरतात, कारण ती स्वस्त पडते. मोठ्या केंद्रांत घन संवेदकांची महागडी नळी असते. निरोगी माणसाचे आकडे दोन्हींवर वेगळे, स्त्री-पुरुषांचे वेगळे, वयाप्रमाणे वेगळे. एका प्रकारच्या नळीवर शिकलेली प्रणाली दुसरीवर लावली तर ती चुकते, आणि चुकताना तिचा स्वर जराही डळमळत नाही. विक्रेत्याला मी नेहमी एकच प्रश्न विचारतो: हे कोणत्या नळीवर आणि कोणत्या देशातल्या स्त्रियांवर शिकले? उत्तराऐवजी माहितीपत्रक हाती आले, की पुढचे बोलणे मी थांबवतो.

आता जिथे मी मोकळ्या मनाने या तंत्राची बाजू घेतो, ती जागा सांगतो. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचा लेव्हेटर हा स्नायू हाडापासून सुटू शकतो, आणि मग त्या स्नायूच्या मधली मोकळी जागा सैल होऊन गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय खाली उतरू लागतो. ही जागा पेरिनियमवर, म्हणजे योनीमार्ग आणि गुदद्वार यांच्या भोवतालच्या त्वचेवर, प्रोब ठेवून केलेल्या त्रिमितीय सोनोग्राफीत दिसते. कुंथताना तिचे क्षेत्रफळ 25 चौरस सेंटिमीटरच्या वर गेले, तर ती प्रमाणाबाहेर ताणली गेल्याचे मानतात. हे क्षेत्रफळ मोजायचे म्हणजे योग्य पातळीचा छेद निवडून माउसने कडेकडेने रेष ओढत बसायचे. हात सरावलेला नसेल तर दोन डॉक्टरांच्या रेषा दोन तऱ्हेच्या येतात, आणि दुपारच्या ओपीडीनंतर एकाच डॉक्टरच्याही. 2018-19 च्या सुमारास लंडनच्या आणि नेदरलँड्समधील उट्रेख्तच्या गटांनी दाखवून दिले की न्यूरल नेटवर्क ही रेष आपोआप ओढते, आणि तिचा तज्ज्ञाच्या रेषेशी असलेला फरक दोन तज्ज्ञांमधल्या फरकाच्या आसपासच राहतो. येथे यंत्राला निदान करायचे नाही, कड शोधायची आहे. बरोबर उत्तर काय याबद्दल आमच्यात वाद नाही, आणि चूक झाली तर ती पडद्यावर उघड्या डोळ्यांनी दिसते. अशा कामात यंत्राला पुढे करण्यात मला काहीच गैर वाटत नाही.

आईंची लक्षणे पाहता त्यांच्यासाठी महत्त्वाची ठरू शकेल ती एमआर डेफिकोग्राफी. योनीमार्गाची मागची बाजू दाबल्यावरच मोकळे होणे हे रेक्टोसीलचे, म्हणजे गुदाशयाची पुढची भिंत योनीमार्गात फुगून येण्याचे, ठळक लक्षण आहे. या तपासणीत गुदाशयात जेल भरतात आणि रुग्णाने ते बाहेर टाकत असताना एमआरआयची चित्रे घेतात. जघनास्थीच्या खालच्या टोकापासून माकडहाडाच्या शेवटच्या सांध्यापर्यंत एक रेषा काढतात आणि कोणता अवयव तिच्या किती खाली उतरला ते मोजतात. 3 सेंटिमीटरपर्यंत सौम्य, 3 ते 6 मध्यम, त्यापुढे तीव्र. हे हाडांचे बिंदू शोधून मोजमाप करण्याचे काम संगणकाला शिकवता येते. मात्र आडवे पडून, मोठा आवाज करणाऱ्या बोगद्यात, हेडफोनमधून आलेल्या हुकमावर रुग्णाने खरेच कुंथले की नाही, हे रेषा सांगत नाही. शिवाय आकाराने लक्षणीय रेक्टोसील असूनही काहीही तक्रार नसलेल्या स्त्रिया मी पुष्कळ पाहिल्या आहेत. चित्रातल्या फुगवट्यावर कोणी तडकाफडकी शस्त्रक्रिया सुचवली, तर घाई करू नये.

भगंदराचा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी विषय निघाला आहे म्हणून थोडे लिहितो. भगंदराच्या वाटा गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूंमधून कशा जातात याचे वर्गीकरण लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील सर अॅलन पार्क्स आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये 400 रुग्णांच्या अभ्यासावरून मांडले, आणि आजही आम्ही त्याच भाषेत बोलतो. शस्त्रक्रियेनंतर भगंदर उलटते ते बहुधा आतले तोंड किंवा एखादी फांदी नजरेतून सुटल्यामुळे. एमआरआयच्या छेदांमधून ती वाट वेगळी काढून तिची त्रिमितीय आकृती करणारी साधने आता येत आहेत. चाकू हातात घेण्याआधी ती आकृती फिरवून पाहता आली तर मला हवीच आहे. पण किती स्नायू कापायचा हा निर्णय त्या माणसाला मल रोखून धरणे आधीपासून कितपत जमते यावर ठरतो, आणि ते एमआरआयमध्ये उमटत नाही. एचआयव्हीग्रस्तांत गुदद्वाराच्या कर्करोगाची पूर्वावस्था वेळीच शोधून उपचार केल्यास कर्करोगाचे प्रमाण 57 टक्क्यांनी घटते, हे 2022 मधील अँकर चाचणीने सिद्ध केले. ही पूर्वावस्था भिंगातून ओळखणे फार थोड्या डॉक्टरांना जमते, आणि पोर्तुगालमधील पोर्तोचा एक गट यंत्राला नेमके ते शिकवतो आहे. जिथे शिकलेली नजरच दुर्मिळ आहे, तिथे असे साधन खऱ्या अर्थाने उपयोगी पडू शकेल.

आता भाषेकडे वळतो, कारण मराठी रुग्णांच्या बाबतीत मला सर्वांत मोठी काळजी तिथेच वाटते. लोक रात्री एकट्याने मोबाइलवर चॅटबॉटला प्रश्न विचारू लागले आहेत, आणि त्याचे कारण मी समजू शकतो. जे नवऱ्यालाही सांगता आले नाही ते यंत्राला सांगता येते. परंतु आपल्याकडे बाई म्हणते, ‘अंग बाहेर येतं.’ गर्भाशय खाली उतरल्याचे इतके नेमके वर्णन पुस्तकात नाही, आणि ज्या यंत्राने हा वाक्प्रयोग ऐकलेला नाही, त्याच्या दृष्टीने ‘अंग’ म्हणजे शरीर. मी एकदा प्रयोग म्हणून हे वाक्य एका भाषांतर करणाऱ्या प्रणालीला दिले. तिने त्याचा अर्थ शरीर बाहेर येत असल्याचा लावला. ‘मूळव्याध’ हा त्याहून धोक्याचा शब्द. फिशर, भगंदर, कोंब, नुसती खाज, आणि गुदाशयाचा कर्करोगसुद्धा, सगळे आपल्याकडे मूळव्याध म्हणूनच दारात येते. रक्त पडते आहे, मूळव्याध आहे, असे रुग्णाने टाइप केले आणि यंत्राने मूळव्याधीवरचा आहार सांगितला, तर दोघांचेही वागणे सुसंगतच म्हणावे लागेल, आणि गाठ सहा महिने वाढत राहील. चाळिशीनंतर शौचावाटे रक्त पडणे, शौचाची सवय अचानक बदलणे, वजन घटणे, यांपैकी काहीही असेल तर मोबाइल खाली ठेवून डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. आईंच्या बाबतीत यांपैकी काही आहे का, ते आपण लिहिलेले नाही. कृपया त्यांना स्पष्ट शब्दांत विचारा.

या क्षेत्रात रुग्णाच्या बाजूने काही करणारे एक साधन मला आवडले, तेही सांगतो. मलाचा प्रकार ओळखण्यासाठी 1997 पासून वापरात असलेली ब्रिस्टल तालिका सात प्रकारांची आहे आणि रुग्ण ती आठवणीने भरतात, म्हणजे बहुधा चुकीची. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय केंद्राने 2022 मध्ये दाखवले की मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रावरून संगणकाने केलेले वर्गीकरण रुग्णाच्या स्वतःच्या नोंदीपेक्षा तज्ज्ञांच्या मताशी अधिक जुळते. अर्थात अशी छायाचित्रे कुठे साठतात हा प्रश्न उरतोच. माझ्या व्हॉट्सअॅपवर नातेवाईक पाठवतात ती गुदद्वाराची छायाचित्रे त्यांच्या घरच्या सामाईक गॅलरीत आपोआप जाऊन बसतात, हे त्यांच्या गावीही नसते. भारतात 2023 मध्ये वैयक्तिक डिजिटल विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेने आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे दिली. तरी रुग्णालयाने सही घेतलेल्या कागदावर आपली चित्रे यंत्राच्या शिकवणीसाठी वापरली जातील का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

उपचाराबाबत. समन्वयाचा दोष खरोखर असेल, तर त्यावर शस्त्रक्रिया नाही, रेचकांचे डोस वाढवत नेणेही नाही. उपाय आहे तो बायोफीडबॅकचा, म्हणजे पडद्यावर आपल्याच स्नायूचा दाब पाहत सैल सोडायला शिकण्याचा. चांगल्या केंद्रांत साधारण 70 टक्के रुग्णांना त्याने फरक पडतो. ही शिकवण घरी चालू ठेवण्यासाठी संवेदक आणि अॅप आले आहेत, आणि व्यायाम बरोबर होतो आहे का हे त्यांतली काही साधने स्वतःच सांगतात. मात्र स्वीडनमधील उमेओ विद्यापीठाच्या ‘टेट’ या अॅपने खोकताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांना फायदा होतो हे रीतसर चाचणीत दाखवले तेव्हा त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती; स्पष्ट सूचना, आठवण आणि नोंद एवढेच होते. नियमितपणे केलेला साधा व्यायाम अजून तरी कोणत्याही हुशार यंत्राला मागे टाकतो.

एक चिंता मात्र आमच्या व्यवसायापुरती. 2025 मध्ये पोलंडमधील चार केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत, यंत्राची मदत घेण्याची सवय झाल्यानंतर डॉक्टरांनी यंत्राविना केलेल्या तपासण्यांत अॅडिनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकेल अशी गाठ, सापडण्याचे प्रमाण 28 वरून 22 टक्क्यांवर आले होते. जुन्या नोंदींवरून मागे वळून केलेला अभ्यास आहे, त्यावरून सरसकट निष्कर्ष काढू नये. पण माझ्या निवासी डॉक्टरांना मी तो वाचायला दिला. बोटाने तपासण्याची सवय आधीच सुटत चालली आहे. अहवाल छापून येतोच आहे तर हातमोजा कशाला घालायचा, असे वाटू लागले की ती पुरती सुटेल.

तेव्हा आईंसाठी असे करा. छापलेले शेवटचे पान बाजूला ठेवून चाचणीची मूळ फाईल मागून घ्या; कुंथण्याचे किती प्रयत्न घेतले आणि ते सगळे सारखेच दिसतात का, हे त्यातच कळते. फुग्याची चाचणी झाली नसेल तर करून घ्या. पहिल्या बाळंतपणातल्या टाक्यांची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्या, आणि पातळ मल किंवा वारा नकळत सुटतो का हे आईंना घरातल्या एखाद्या बाईकडून विचारून घ्या, कारण तसे असेल तर गुदद्वाराची आतून सोनोग्राफी लागेल आणि उपचाराची दिशाच बदलेल. तोवर कमोडवर बसताना पायांखाली वीतभर उंचीचा पाट ठेवू द्या, आणि दहा मिनिटांत झाले नाही तर उठायला सांगा. पुन्हा चाचणी ठरली, तर त्या खोलीत एखादी स्त्री कर्मचारी असावी आणि दाराला आतून कडी लागावी, हे आधीच सांगून ठेवा.